डेटारॅपर : चारचौघांपुढे ठेवायच्या आलेखांसाठी

गेली तीन वर्षे मी फावल्या वेळात सरकारी तक्त्यांतल्या आकड्यांवरून आलेख आणि नकाशे काढते आणि अशाच हौशी मंडळींच्या एका लहान गटापुढे ते तपासणीसाठी ठेवते. आमच्यात संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकेत नोकरी करणारे दोघे आहेत, एक वास्तुरचनाकार आहे. आलेख काढणे हा कोणाचाच व्यवसाय नाही. गटाची रीत ठरलेली आहे. आलेख समोर आला की प्रत्येकाने आधी त्यातून आपल्याला काय समजले ते एका वाक्यात लिहायचे आणि त्यानंतरच दोषांकडे वळायचे, कारण काढणाऱ्याला सांगायचे होते ते आणि पाहणाऱ्याला समजले ते यांतले अंतर हाच बहुतेक वेळा सर्वांत मोठा दोष असतो. या तीन वर्षांत माझे जवळजवळ सगळे काम डेटारॅपर या साधनावर झाले आहे. अशा साधनांची परीक्षणे एरवी त्यात आलेखांचे किती प्रकार आहेत आणि ते किती देखणे दिसतात यांवर लिहिली जातात. माझी कसोटी वेगळी आहे. काढलेला आलेख दुसऱ्याला मुळापर्यंत जाऊन तपासता येतो का, चूक सापडली तर ती जिथे जिथे आलेख पोहोचला तिथे दुरुस्त होते का, आणि नेहमीच्या चुका मुळात घडू नयेत म्हणून साधन काय करते, एवढे तीन प्रश्न मी त्याला लावले आहेत.

डेटारॅपर हे बर्लिनमधल्या कंपनीचे साधन आहे आणि ते २०१२ साली जर्मनीतल्या वृत्तपत्रांच्या पत्रकारांना प्रशिक्षण देण्याच्या कामातून पुढे आले. हा जन्म त्याच्या स्वभावात अजून दिसतो. संगणकावर काही बसवावे लागत नाही, ब्राउझरमध्येच काम होते, प्रोग्रामिंग यावे लागत नाही, आणि कामाचे चार टप्पे ठरलेले आहेत : आकडे भरणे, ते तपासणे, आलेखाला रूप देणे आणि प्रकाशित करणे. दुसरा टप्पा, म्हणजे भरलेले आकडे तपासण्याचा, बहुतेक जण घाईने ओलांडतात, पण माझ्या मते तिथेच सर्वांत जास्त वेळ द्यावा. आकड्यांच्या रकान्यात कुठे अक्षरे घुसली असतील, एखाद्या ठिकाणी दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम पडला असेल, किंवा वर्षाचा रकाना साधी संख्या म्हणून वाचला गेला असेल, तर ते तिथेच रंगांवरून लक्षात येते. सरकारी पीडीएफमधून आकडे उचलणाऱ्याला हे रोजचे दुखणे आहे.

आता पहिल्या कसोटीकडे येते. आलेखाच्या खाली एका ओळीत स्रोताचे नाव, त्याचा दुवा आणि आलेखामागचे आकडे उतरवून घेण्याचा दुवा देण्याची सोय डेटारॅपरमध्ये आहे. या लहानशा ओळीमुळे आमच्या गटातल्या चर्चेचा दर्जा बदलला, असे मी ठामपणे म्हणेन. पूर्वी कोणी एक्सेलमधला स्तंभालेख चित्र म्हणून पाठवत असे आणि मग ‘रंग चांगले नाहीत’, ‘अक्षरे लहान आहेत’ यापलीकडे बोलणे जात नसे, कारण बोलणाऱ्यांच्या हातात चित्राशिवाय काहीच नव्हते. आकडे हाती आल्यावर टीका आकड्यांवर होऊ लागली. याचे पहिले उदाहरण माझ्याच आलेखाचे आहे. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांच्या साक्षरतेचा स्तंभालेख मी मांडला होता आणि स्रोत म्हणून ‘जनगणना २०११’ एवढेच लिहिले होते. आमच्या प्राध्यापकांनी आकडे उतरवून घेतले आणि अर्ध्या तासात कळवले की राज्याची साक्षरता मी ८२.९१ टक्के धरली आहे, तो जनगणनेनंतर लगेच जाहीर झालेला तात्पुरता आकडा आहे आणि अंतिम आकडा ८२.३४ आहे. जिल्ह्यांचे माझे आकडेही त्या तात्पुरत्या तक्त्यातलेच होते. दोन्ही तक्ते खरे, दोन्ही जनगणना कार्यालयाचे, दोन्हींवर २०११ हेच साल. नुसते चित्र पाहून ही चूक कोणालाही सापडली नसती. त्या दिवसापासून मी स्रोताच्या ओळीत तक्त्याचे पूर्ण नाव लिहिते.

दुसरी कसोटी दुरुस्तीची. डेटारॅपरवर प्रकाशित केलेल्या आलेखाला स्वतःचा पत्ता मिळतो. आलेख सुधारून पुन्हा प्रकाशित केला की त्याला पुढचा आवृत्ती क्रमांक मिळतो आणि क्रमांक नसलेला मूळ पत्ता नव्या आवृत्तीकडेच नेतो. म्हणजे ज्यांना मी दुवा पाठवला त्यांना दुसऱ्या दिवशी ८२.३४ दिसले. मात्र ज्यांनी त्याच आलेखाचे चित्र जपून ठेवून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवले होते, त्यांच्याकडे ८२.९१ तसेच राहिले आणि तो आलेख पुढे कुठे कुठे गेला हे मला कधीच कळणार नाही. त्यातल्या एका चित्राची खालची पट्टी कापलेली होती, म्हणजे स्रोतही गेला. हा दोष साधनाचा नाही, चित्र वाटण्याच्या सवयीचा आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह असतो की तपासणीसाठी आलेख मांडताना दुवाच द्यावा, आणि चित्र द्यायचेच असेल तर स्रोत आणि तारीख शीर्षकाखालच्या ओळीत लिहावी, जिथून ती सहज कापली जाणार नाही.

तिसऱ्या कसोटीबद्दल, म्हणजे चुका टाळण्याबद्दल, सांगण्यासारखे बरेच आहे. डेटारॅपर स्तंभालेख आपणहून शून्यापासून सुरू करते. हे किती महत्त्वाचे आहे ते साक्षरतेच्या आकड्यांवरूनच पाहता येईल. २०११च्या अंतिम आकड्यांनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची साक्षरता ८९.९१ टक्के आणि नंदुरबारची ६४.३८ टक्के आहे, म्हणजे पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण १.४ पट आहे. हाच स्तंभालेख ६० पासून सुरू केला तर मुंबई उपनगराचा स्तंभ नंदुरबारच्या स्तंभाच्या जवळजवळ सात पट उंच होतो. स्तंभालेखात डोळा लांबी मोजतो, आकडा नंतर वाचतो. म्हणून आकडे खरे लिहूनही आलेख खोटे बोलू शकतो. रेषालेखात लांबीऐवजी चढउतार वाचला जातो, त्यामुळे तिथे शून्याची सक्ती नसते आणि साधनही ती करत नाही. हा फरक समजून घेतलेला नसल्यामुळे आमच्याकडे सुरुवातीला ‘शून्य कुठे आहे?’ असा आक्षेप तापमानाच्या रेषालेखांवरही घेतला जात असे. टीका करणाऱ्यालाही आलेखाचा प्रकार ओळखावा लागतो.

वृत्तालेखाच्या बाबतीत मात्र डेटारॅपर कोणालाही अडवत नाही, आणि तिथे टीका करणाऱ्यांनाच काम करावे लागते. गटातल्या एका सदस्याने राज्याच्या सहा प्रशासकीय विभागांच्या लोकसंख्येचा वृत्तालेख आणला होता. नाशिक विभागाची २०११ची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८६ लाख आणि आजच्या छत्रपती संभाजीनगर विभागाची सुमारे १ कोटी ८७ लाख, तर नागपूर आणि अमरावती हे विभाग अनुक्रमे सुमारे १ कोटी १८ लाख आणि १ कोटी १३ लाखांचे आहेत. वर्तुळात या दोन्ही जोड्यांपैकी कोणता विभाग मोठा हे आम्हां सहा जणांपैकी एकालाही ओळखता आले नाही, आणि हेच आकडे उतरत्या क्रमाने आडव्या स्तंभांत मांडल्यावर निदान नागपूर आणि अमरावती यांच्यातला फरक कोणालाही विचारावा लागला नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोग करून हेच दाखवले होते की एका सामाईक रेषेवरची स्थाने माणूस सर्वांत अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ यांत त्याचा अंदाज जास्त चुकतो. डेटारॅपरमध्ये एकदा भरलेल्या आकड्यांचा प्रकार एका टिचकीत बदलता येतो, त्यामुळे असा वाद तोंडी घालत बसावे लागत नाही; दोन्ही रूपे शेजारी ठेवता येतात. तपासणीच्या कामात मला या सोयीचे मोल फार वाटते. ‘हे वाईट आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘हे असे करून पाहिले’ असे म्हणणारी टीका घेणाऱ्याला लागत नाही आणि उपयोगीही पडते.

आता नकाशांकडे वळते, कारण हौशी माणूस सर्वांत आधी नकाशाकडे धावतो आणि तिथेच सर्वांत जास्त चुकतो. भूगोलाच्या शालेय पुस्तकात ज्याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात, म्हणजे प्रदेशांना आकड्यांप्रमाणे गडद-फिकट रंग देण्याची पद्धत, ती डेटारॅपरमध्ये फार सहज साधते, आणि या सहजपणाचाच धोका आहे. माझा पहिला नकाशा जिल्हानिहाय साक्षर लोकांच्या संख्येचा होता. ठाणे, पुणे आणि मुंबई उपनगर हे जिल्हे त्यात गर्द झाले आणि मला तो नकाशा अर्थपूर्ण वाटला. गटातून आलेले पहिलेच वाक्य होते : ‘ठाण्यात खूप माणसे राहतात, हे समजले.’ २०११मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती, सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्याही आत. साक्षरांची, निरक्षरांची, दुचाकींची, कशाचीही नुसती संख्या रंगवली तरी जवळपास हाच नकाशा येणार होता. क्षेत्रघनी नकाशात प्रमाण दाखवावे आणि नुसती संख्या दाखवायची असल्यास टिंबे किंवा वर्तुळे वापरावीत, हे शाळेत शिकवलेले असते, पण समोर रंगांची पट्टी आली की विसरते. या ठिकाणी साधन तुम्हाला थांबवत नाही. ते नाव आणि आकडा यांची जोडी घेते आणि रंग भरते. तो आकडा रंगवण्याजोगा आहे की नाही हा निर्णय काढणाऱ्याचा असतो आणि नंतर तपासणाऱ्याचा.

प्रमाण घेतले तरी रंगांच्या पायऱ्यांचा प्रश्न उरतो. लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा घ्या. २०११मध्ये मुंबई उपनगराची घनता दर चौरस किलोमीटरला २०,९८० होती आणि गडचिरोलीची ७४. राज्याची सरासरी ३६५ आहे. कमीत कमी आकड्यापासून जास्तीत जास्त आकड्यापर्यंत रंग सरळ रेषेत वाटला तर मुंबईचे दोन जिल्हे गर्द होतात आणि उरलेला सगळा महाराष्ट्र एकाच फिकट रंगात बुडतो. कोल्हापूर आणि गडचिरोली सारखेच दिसतात. डेटारॅपरमध्ये प्रत्येक पायरीवर सारख्याच संख्येने जिल्हे येतील अशी विभागणी करता येते, आकड्यांतल्या नैसर्गिक खंडांवर पायऱ्या पाडता येतात, किंवा सीमा स्वतः लिहून देता येतात. चारही पर्याय एकामागून एक पाहताना तोच तक्ता चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. यातला कोणता निवडला आणि का, हे नकाशाखाली लिहावे असा आमच्या गटाचा नियम आहे, आणि टिपांसाठी वेगळी जागा साधनात असल्यामुळे तो पाळणे जड जात नाही.

लिंग गुणोत्तराच्या नकाशाने मला याहून सूक्ष्म धडा दिला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या दाखवायची म्हणून मी दोन टोकांना दोन रंग आणि मध्ये पांढरा अशी पट्टी घेतली. रत्नागिरीचे गुणोत्तर ११२२, मुंबई शहराचे ८३२. पांढरा रंग कोणत्या आकड्याला यावा हे मी सांगितले नव्हते, त्यामुळे तो या दोहोंच्या बरोबर मध्ये, ९७७वर पडला. परिणाम असा झाला की ९९९ गुणोत्तराचा गोंदिया आणि ९८८ गुणोत्तराचा सातारा हे दोन्ही जिल्हे ‘स्त्रिया जास्त’ या बाजूच्या रंगात रंगले. प्रत्यक्षात त्या जनगणनेत हजाराच्या वर गुणोत्तर असलेले जिल्हे राज्यात दोनच होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, आणि तिथून पुरुषांनी मुंबईकडे पोटापाण्यासाठी जाण्याची जुनी परंपरा हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. मध्यबिंदू १००० लिहून देण्याची सोय साधनात होती. मी ती पाहिली नव्हती. चूक दाखवणाऱ्या बँकेतल्या मैत्रिणीने आकडा तपासला नव्हता, तिने फक्त विचारले होते की साताऱ्यात खरेच पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त आहेत का. ज्याला त्या प्रदेशाची माहिती आहे असा एक तरी तपासणारा असावा, हे मी तेव्हापासून मानते. मध्यबिंदू बदलल्यावर कोकणचे दोन जिल्हे एका रंगात आणि बाकी सगळे राज्य दुसऱ्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत दिसू लागले, आणि सांगण्यासारखी गोष्ट तीच होती.

रंगांधळ्या वाचकांना आलेख कसा दिसेल हे पाहण्याची सोयही डेटारॅपरमध्ये आहे. लाल आणि हिरवा यांतला भेद न कळणे हे पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, आणि आमच्या गटातल्या एकाला ही अडचण आहे हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हते, कारण तो नकाशांवर अभिप्राय देणे टाळत असे. चांगल्यासाठी हिरवा आणि वाईटासाठी लाल ही आपल्याकडची सवय इतकी मुरलेली आहे की तिचा कोणी विचारच करत नाही. आता प्रत्येक नकाशा गटापुढे येण्याआधी या सोयीतून पाहिला जातो. तसेच ज्यांना आलेख दिसतच नाही त्यांच्या वाचनयंत्रासाठी शब्दांत वर्णन लिहिण्याची एक चौकट आहे. ती रिकामी ठेवू नये. आलेखात नेमके काय आहे हे दोन वाक्यांत लिहायला बसले की तो आलेख कशासाठी काढला ते आपल्यालाच स्पष्ट होते.

वर्तुळांच्या नकाशाबद्दल एकच उदाहरण देते. २६ जुलै २००५च्या पावसाचा आलेख मी ‘मुंबई : ९४४ मिलिमीटर’ अशा एकाच स्तंभात काढला होता. तो सांताक्रूझ वेधशाळेचा आकडा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. ‘मुंबई म्हणजे कोणती?’ असा प्रश्न आला आणि तो रास्त होता. दोन वेधशाळांच्या जागी दोन वर्तुळे काढल्यावर एकाच शहरातला जवळजवळ १३ पटींचा फरक डोळ्यांपुढे उभा राहिला. डेटारॅपर अशा वर्तुळांचे क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात ठेवते, तेच योग्य आहे. हाताने काढताना अनेक जण व्यासच १३ पट करतात आणि मग क्षेत्रफळ १६० पटींहून जास्त होते.

मराठीत काम करणाऱ्याला हे साधन कसे वाटेल, याविषयी थोडे लिहायला हवे. कामाचा पडदा मराठीत नाही, सूचना इंग्रजीत वाचाव्या लागतात. शीर्षक, टिपा, प्रदेशांची नावे आणि आलेखावरची लेबले मात्र देवनागरीत लिहिता येतात, आणि मी सगळे आलेख तसेच काढते. अडचण येते ती लांब नावांची. उभ्या स्तंभांखाली ‘छत्रपती संभाजीनगर’ किंवा ‘मुंबई उपनगर’ मावत नाही आणि मोबाइलवर तर नावे तिरकी होतात किंवा एकमेकांवर चढतात. उपाय सोपा आहे : आडवे स्तंभ घ्यावेत आणि नाव स्तंभाच्या वरच्या ओळीत ठेवण्याचा पर्याय निवडावा. प्रकाशित करण्याआधी मोबाइलच्या रुंदीत आलेख कसा दिसेल ते साधनातच पाहता येते, आणि आपले बहुतेक वाचक मोबाइलवरच असल्यामुळे मी तोच आकार आधी पाहते.

जिल्ह्यांची नावे हा आणखी एक अडसर आहे आणि तो मुख्यतः आपल्या आकड्यांचाच आहे. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीडचे स्पेलिंग ‘बिड’ असे आहे, रायगडचे ‘रायगढ’. नंतर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तक्त्यातले नाव आणि नकाशातले नाव जुळले नाही तर तो जिल्हा कोरा राहतो. डेटारॅपर न जुळलेली नावे दाखवते, ही चांगली गोष्ट आहे, पण दर वेळी हाताने जुळवणी करण्यापेक्षा जनगणनेचे जिल्हा क्रमांक वापरणे शहाणपणाचे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे नंदुरबारच्या ४९७पासून सांगलीच्या ५३१पर्यंत क्रमांकित आहेत, आणि आपला स्वतःचा नकाशा भरता येत असल्यामुळे ते क्रमांक त्यात घालता येतात. स्वतःचा नकाशा भरण्याचे आणखी एक कारण म्हणजे देशाच्या आणि राज्याच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे असाव्यात, आणि आयता नकाशा घेतला तर हे दर वेळी नजरेने तपासावे लागते.

खर्चाचे थोडक्यात सांगते. विनामूल्य खात्यात आलेखांची संख्या मर्यादित नाही, प्रत्येक आलेखाखाली साधनाचे नाव येते, आणि चित्र पीएनजी स्वरूपात उतरवून घेता येते. छपाईसाठी लागणारे एसव्हीजी किंवा पीडीएफ हवे असेल तर पैसे भरावे लागतात आणि ते दर संस्थांना परवडतील असे आहेत. आमच्यासारख्यांचे विनामूल्य खात्यात भागते. तुलनेसाठी फ्लरिश हे साधनही मी काही महिने वापरले, जे २०२२ साली कॅन्व्हाने विकत घेतले. हलणारे आलेख, शर्यतीसारखे पुढे-मागे होणारे स्तंभ यांत त्याचा हात डेटारॅपरला धरता येणार नाही, आणि शाळेतल्या मुलांपुढे दाखवायला मी आजही तेच घेईन. तपासणीसाठी मात्र हलणारा आलेख अवघड जातो, कारण १९७१चा स्तंभ २०११च्या स्तंभाशी ताडून पाहायचा तर तोवर तो नाहीसा झालेला असतो आणि तपासणाऱ्याला स्मरणशक्तीवर विसंबावे लागते. स्थिर रेषालेखात दोन्ही वर्षे एकाच वेळी समोर असतात.

शेवटी पालघरविषयी, कारण माझ्या मते हौशी आलेखांवरच्या टीकेचे ते सर्वांत चांगले उदाहरण आहे आणि साधनाची मर्यादाही त्यातच दिसते. २०२१ची जनगणना झाली नाही, त्यामुळे जिल्हानिहाय साक्षरतेचे जनगणनेतले शेवटचे आकडे अजून २०११चेच आहेत. तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आता जिल्हे ३६ आहेत. ३६ जिल्ह्यांच्या नकाशावर २०११चे आकडे टाकले की पालघर करडा राहतो आणि उरलेल्या ठाण्यावर अविभाजित ठाण्याचा आकडा बसतो, जो आजच्या ठाण्याचा नाही. मी ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी टीप लिहून नकाशा मांडला होता. गटातल्या वास्तुरचनाकाराचे काम जव्हार-मोखाड्याच्या भागात असते. त्याने लिहिले की माहिती उपलब्ध आहे, ती ठाण्याच्या आकड्यात दडलेली आहे, आणि आदिवासी तालुक्यांची साक्षरता शहरी ठाण्याच्या आकड्याखाली झाकणे किंवा करडी ठेवणे या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत. त्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

मग जनगणनेचा तालुकानिहाय तक्ता काढला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज केली आणि साक्षरांच्या संख्येला एकूण लोकसंख्येने भागले. उत्तर फारच कमी आले. पुन्हा प्राध्यापकांनीच चूक दाखवली : जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकसंख्येवर काढतात, त्यामुळे शून्य ते सहा वयाची मुले आधी वजा करावी लागतात आणि त्यांचा रकाना त्याच तक्त्यात आहे. मुले वजा करून पालघर आणि उरलेले ठाणे अशी दोन्ही गणिते पुन्हा मांडली, आकडे भरले, नकाशा त्याच पत्त्यावर पुन्हा प्रकाशित केला आणि टिपेत लिहिले की हे दोन जिल्हे तालुक्यांच्या बेरजेने काढले आहेत, बाकीचे ३४ जनगणनेच्या तक्त्यातून घेतले आहेत. ही बेरीज करावी हे डेटारॅपर सांगू शकले नसते आणि कोणतेही साधन सांगू शकणार नाही. त्या नकाशाची आता पाचवी आवृत्ती आहे, आणि ज्यांच्याकडे पहिल्या दिवशीचा दुवा आहे त्यांना पालघर भरलेला दिसतो.